आधी पास, मग स्मॅश: नाशिकच्या मुलीला व्हॉलीबॉलमध्ये वरपर्यंत जायचं असेल तर

प्रश्न पिंपळगाव बसवंतच्या एका पालकांचा आहे. मुलगी १३ वर्षांची, आठवीत, उंची १६२ सेंटिमीटर. यंदा शाळेच्या संघातून विभागीय स्पर्धेपर्यंत गेली. सरावात तिला रोज स्मॅशच मारायला लावतात. हल्ली गुडघ्याखाली दुखतं म्हणते. ओळखीचे लोक म्हणतात, उंची कमी आहे, अभ्यासाकडे लक्ष द्या. चॅम्पियन महिला खेळाडूंची कारकीर्द नेमकी कशी घडते आणि आज काय करावं, असं त्यांनी विचारलं आहे.

सुरुवात गुडघ्यापासून करतो, कारण बाकी सगळं थांबू शकतं, हे थांबू शकत नाही. वाटीच्या खाली, नडगीच्या हाडावर जिथे थोडा उंचवटा लागतो तिथे दाबल्यावर दुखत असेल, तर ते बहुधा वाढीच्या वयातलं दुखणं आहे. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. हाड लांब होत असतं, मांडीचा स्नायू तेवढ्या वेगानं लांबत नाही, आणि प्रत्येक उडीला तो त्या कोवळ्या जागेला ओढतो. दुखणं अगदी वाटीच्या खालच्या टोकाला असेल तर तो उड्यांचा गुडघा, म्हणजे मांडीचा स्नायू हाडाला जोडणाऱ्या तिथल्या दोरीसारख्या कंडरेवर आलेला ताण. दोन्हींत पहिला उपाय एकच: उड्या कमी करा, खेळ बंद करू नका. पूर्ण विश्रांती दिली की दुखणं जातं, पण मैदानावर परत येताच पंधरा दिवसांत पुन्हा उभं राहतं, कारण मांडीची ताकद तेवढ्यात घटलेली असते. उड्या निम्म्यावर आणा, जमिनीवर राहून करायचा सराव वाढवा. मात्र गुडघा सुजला, अडकला, मुलगी लंगडायला लागली किंवा दुखण्यानं रात्री झोपमोड होऊ लागली, तर वाट न बघता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. मलम चोळून आणि पट्टा बांधून सामने खेळवणं हा या वयातला सर्वांत महागात पडणारा प्रकार आहे.

आता उंची. महिलांच्या नेटची उंची २.२४ मीटर. तुमच्या मुलीला भिंतीला खेटून, टाचा न उचलता हात वर करायला सांगा आणि बोटांचं टोक कुठं पोचतं ते मोजा. १६२ उंचीला ते साधारण २०८ ते २१० येईल. रन-अप घेऊन ती ४५ सेंटिमीटर उडाली तर बोटं २५४ च्या आसपास पोचतात. चेंडू लागतो तळव्याला, म्हणजे दहाएक सेंटिमीटर खाली. तरी तो नेटच्या वर २० सेंटिमीटर राहतो. शालेय आणि विद्यापीठ पातळीवर एवढ्यात उत्तम स्मॅश मारता येतो. आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या आउटसाइड हिटरची, म्हणजे नेटच्या डाव्या टोकावरून स्मॅश मारणारीची, बोटं मात्र ३ मीटरच्या आसपास पोचतात. हा फरक खरा आहे आणि तो मुलीपासून लपवू नये.

पण म्हणून दार बंद होत नाही. जपानची सेटर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू वर उचलून देणारी, योशिए ताकेशिता १५९ सेंटिमीटरची होती. २००६ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ती सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिच्या संघानं कांस्य मिळवलं. १९९८ मध्ये लिबेरो ही जागा नियमात आली, तेव्हापासून चेंडू उचलणाऱ्या खेळाडूसाठी एक स्वतंत्र कारकीर्दच तयार झाली. लिबेरो आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सर्व्हिस करत नाही, ब्लॉक करत नाही (नेटजवळ उडी मारून समोरचा स्मॅश अडवत नाही), नेटच्या वर असलेला चेंडू मारत नाही. तिचं मोजमाप फक्त पास (आलेली सर्व्हिस उचलून सेटरकडे देणं) आणि डिग (समोरचा स्मॅश उचलणं) यांवर होतं.

याहून बोलकं उदाहरण दक्षिण कोरियाच्या किम येओन-क्युंगचं. पुढे १९२ सेंटिमीटरची झालेली ही खेळाडू शाळेत बुटक्या मुलींत धरली जायची. त्यामुळे तिला मागे उभं करून रिसीव्ह, डिग, सेटिंग असं सगळं करायला लावलं गेलं. उंची नंतर, हायस्कूलच्या वर्षांत, वीसेक सेंटिमीटर वाढली. तोवर हात तयार झाले होते. २००५-०६ मध्ये व्यावसायिक लीगच्या पहिल्याच मोसमात ती सर्वोत्तम खेळाडू ठरली. त्यानंतर जपान, मग तुर्कस्तानचा फेनरबाह्चे क्लब, चीनचा शांघाय, पुन्हा तुर्कस्तानात एझाजिबाशी. २०१२ मध्ये फेनरबाह्चेबरोबर युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली. त्याच वर्षी लंडनमध्ये कोरिया चौथा आला, तरी २०७ गुण करणाऱ्या किमलाच स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू निवडलं गेलं. चौथ्या क्रमांकाच्या संघातल्या खेळाडूला हा मान सहसा मिळत नाही. तिच्या उंचीच्या स्मॅशर इतर देशांतही होत्या. मागच्या रांगेत लिबेरोसारखा पास देणारी तेवढ्या उंचीची खेळाडू विरळा. २०२५ मध्ये कोरियन लीगचं विजेतेपद घेऊन तिनं निवृत्ती घेतली, म्हणजे जवळपास वीस वर्षांची कारकीर्द.

यातून चुकीचा अर्थ काढू नका. प्रत्येक मुलगी वीस सेंटिमीटर वाढत नाही. मासिक पाळी सुरू झाल्यानंतर मुलींची उंची सर्वसाधारणपणे आणखी ५ ते ७ सेंटिमीटर वाढते. तुमच्या मुलीची पाळी वर्षापूर्वी सुरू झाली असेल तर ती १६५-१६६ पर्यंत थांबेल असं धरून चाला. अजून सुरू झाली नसेल तर १७० ओलांडू शकते. दर तीन महिन्यांनी, सकाळी, त्याच भिंतीवर उंचीची खूण करा. एका तिमाहीत दोन सेंटिमीटरहून जास्त वाढ दिसली की पुढचे दोन महिने उड्या कमी ठेवा. त्या काळात हातपाय लांबल्यानं मुलगी धांदरट वाटते, टायमिंग चुकतं. प्रशिक्षक रागावतात. तो आळस नसतो, शरीर नव्यानं मापं शिकत असतं.

माझं ठाम मत असं की सोळा वर्षांपर्यंत मुलीची जागा पक्की करूच नये. तिनं सेटर म्हणूनही खेळावं, मागेही, चार नंबरवरही (नेटजवळची डावीकडची, स्मॅश मारायची जागा). महिलांच्या खेळात स्मॅशचा वेग पुरुषांपेक्षा कमी असतो, म्हणून चेंडू जास्त वेळा उचलला जातो आणि रॅली लांबतात. लांबलेली रॅली तोच संघ जिंकतो ज्याचा पास बिघडत नाही. १९६४ साली टोकियोत व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, तेव्हा जपानच्या मुलींनी उंच आणि ताकदवान सोव्हिएत संघाला हरवलं ते लोळण घेऊन चेंडू उचलायच्या कलेवर. तेव्हापासून खेळ खूप बदलला, हे कारण बदललं नाही.

तर पास शिकवायचा कसा? दोन्ही हात जोडून कोपरं ताठ, अंगठे शेजारी शेजारी, मनगटं किंचित खाली वाकवलेली. चेंडू मनगटाच्या चार-पाच बोटं वर, हाताच्या सपाट भागावर लागला पाहिजे. आपल्या मुलींची सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे हात झोकणं. हात खांद्याच्या वर गेले की चेंडू डोक्यावरून मागे किंवा सरळ नेटपलीकडे जातो. जोर गुडघे आणि पावलांतून यायला हवा, हातांनी फक्त दिशेचा कोन धरायचा. दुसरी चूक, हात आधीच जोडून धावणं. हात जोडून धावता येत नाही. पाय आधी, हात शेवटच्या क्षणी. तिसरी चूक आपल्या भागात विशेष दिसते. गावोगावी शूटिंगबॉल खेळला जातो, तिथून आलेल्या मुलांमुलींना मुठींनी जोर काढायची सवय असते. त्यांचे हात धीट असतात, नजर चांगली असते, पण चेंडू मऊ घेणं त्यांना वेगळं शिकवावं लागतं. त्यासाठी पहिले दोन-तीन आठवडे हलक्या, थोडी हवा कमी केलेल्या चेंडूवर सराव द्या.

रोजचं माप म्हणाल तर १०० रिसीव्ह पुरे, पण त्यातले ६० प्रत्यक्ष सर्व्हिसवरचे हवेत. समोर उभं राहून हातानं टाकलेला चेंडू आणि सर्व्हिस होऊन डुलत येणारा चेंडू यांत फार अंतर आहे, आणि स्पर्धेत दुसराच येतो. सुरुवातीला सर्व्हिस करणारी सहा मीटरवर, महिनाभरानं नऊ मीटरच्या रेषेमागे. प्रत्येक पासला गुण द्या: चेंडू नेटपासून साधारण मीटरभर अंतरावर उभ्या सेटरला जागेवर मिळाला तर ३, सेटरला दोन-तीन पावलं जावं लागलं तर २, कसाबसा उचलला तर १, गेला तर शून्य. पन्नास पासची सरासरी वहीत लिहा. २ च्या वर सरासरी टिकली की मुलगी राज्य पातळीवर उभी राहू शकते. ही वही तुम्ही पालकांनीच ठेवा. मैदानावर एका प्रशिक्षकाकडे पंचवीस मुली असतात.

घरी भिंतीवर तीन मीटरची खूण करून रोज दहा मिनिटं बोटांनी सेटिंग करता येतं. चेंडू कपाळाच्या वर, दहाही बोटांना एकाच वेळी लागला पाहिजे, आवाज न करता. टप् असा आवाज आला की तळवा लागला.

सर्व्हिस या वयात फ्लोट शिकवावी. चेंडू हातभर उंच, किंचित पुढे टाकायचा, तळहाताच्या कडक भागानं मधोमध ठोसायचा आणि हात तिथेच थांबवायचा. फिरकी न घेता गेलेला चेंडू हवेत डुलतो आणि समोरच्या मुलीचा पास बिघडवतो. चेंडू डोक्यामागे टाकला की कंबर मागे वाकते, जोर जातो आणि काही महिन्यांत पाठ दुखायला लागते. पाठीची तक्रार आली की आधी टॉस बघा.

स्मॅशचं. उजव्या हाताच्या मुलीची पावलं डावं, उजवं, डावं. पहिलं लहान, दुसरं लांब, तिसरं चटकन उजव्याशेजारी. शेवटच्या दोन पावलांत दोन्ही हात मागे जाऊन जोरात वर यायला हवेत; उडीतली बरीच उंची या हातांच्या झोक्यातून येते आणि बहुतेक मुली तो अर्धवटच घेतात. उंच सेटला चेंडू वर पोचेपर्यंत थांबायचं. घाईनं निघालेली मुलगी चेंडूच्या खाली जाऊन उभी राहते, मग हात डोक्यामागून येतो आणि चेंडू नेटमध्ये किंवा बाहेर. यावर साधा उपाय: चार नंबरवर तिला बाजूच्या रेषेच्या बाहेर, नेटपासून चार मीटर मागे उभं करा आणि सेट वर पोचल्यावरच तोंडानं "जा" म्हणा. आठवडाभरात फरक दिसतो.

उतरणं उडीपेक्षा महत्त्वाचं आहे. मुलींमध्ये गुडघे आत वळून उतरण्याची सवय जास्त आढळते, आणि गुडघ्यातला पुढचा लिगामेंट, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तुटण्याचं प्रमाणही मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त आहे. ती एक दुखापत नऊ-दहा महिने खाते. शिकवायचं असं: २० सेंटिमीटरच्या पायरीवरून खाली पाऊल टाकून दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत, आवाज कमीत कमी. समोरून मोबाईलवर चित्रण करा. गुडघे आत जाताना स्पष्ट दिसतात. रोज १० वेळा, वॉर्मअपमध्येच. याच्या जोडीला स्क्वॅट, एका पायावर टाचा उचलणं, फळी धरणं (प्लँक) आणि रबर बँडनं खांदा बाहेर फिरवणं, आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी १२ ते १५ चे तीन सेट. घोटा मुरगळतो तो बहुतेक वेळा नेटखाली, दुसरीच्या पावलावर पाय पडून. म्हणून स्मॅशच्या सरावात चेंडू नेटला अगदी चिकटून देऊ नये आणि पडलेला चेंडू उचलल्याशिवाय पुढची उडी होऊ देऊ नये. हा शेवटचा नियम पाळणारी मैदानं थोडी आहेत, आणि तो पाळायला पैसा लागत नाही.

उड्यांचा हिशेब तेरा-चौदा वर्षांसाठी असा ठेवा: एका सत्रात ५० पूर्ण उड्या, आठवड्यात तीनच दिवस. यात ब्लॉकच्या उड्याही मोजायच्या. सध्या तिचं दुखणं आहे तोवर २५. सिमेंटच्या किंवा फरशीच्या मैदानावर उड्यांचा सराव करू नका. मुरमाचं, पाणी मारून दाबलेलं मैदान परवडलं. पावसाळ्यात गावाकडची मैदानं चार महिने जातात, आणि नेमक्या तेव्हाच शालेय स्पर्धा सुरू होतात. तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये पास, सेटिंग, सर्व्हिस चालू ठेवा आणि आठवड्यातून एखादा दिवस नाशिकला पंचवटीत हिरावाडीच्या विभागीय क्रीडा संकुलासारख्या बंदिस्त जागेत खेळायला मिळतं का ते बघा. मैदानावर वाऱ्यात खेळलेल्या मुलींना छताखाली अंदाज चुकतो, दिव्यांत चेंडू हरवतो. हिवाळ्यात निफाड-पिंपळगावकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो. पहाटेचा सराव असेल तर वीस मिनिटं अंग तापल्याशिवाय एकही उडी नको.

बूट धावायचे नकोत. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, बाजूला सरकताना घोटा वळतो. सपाट, गम रबरी तळव्याचे कोर्ट शूज घ्या, आणि गुडघ्याचे पॅड. चेंडू २६० ते २८० ग्रॅमचा, ६५ ते ६७ सेंटिमीटर घेराचा असतो. पावसात भिजून जड झालेला, शिवण सुटलेला चेंडू बोटं आणि खांदे दोन्ही बिघडवतो.

जेवणात तिला दिवसाला साधारण ७० ग्रॅम प्रथिनं लागतील, वजन ४५ ते ५० किलो धरून. दोन अंडी, दोन पेले दूध, दोन वाट्या मटकीची उसळ किंवा घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे, वाटीभर दही आणि तीन भाकरी, एवढ्यात ते बसतं. प्रथिनांच्या पावडरीचे डबे विकत आणायची गरज नाही. अंडी चालत नसतील तर पनीर आणि सोयाबीन. खरी अडचण लोहाची असते. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर मुलगी दुसऱ्या सेटनंतर मंदावते आणि तिला दम कमी आहे असं म्हटलं जातं. वर्षातून दोनदा रक्त तपासा, जेवणाबरोबर चहा बंद करा, लिंबू पिळा, बाजरी, अळीव, पालेभाज्या वाढवा. पाळी तीन महिने आली नाही तर ते खेळाडू असल्याचं लक्षण समजू नका. बहुतेक वेळा पोटात पुरेसं जात नसतं, आणि हाडं कमकुवत होतात. डॉक्टरांना दाखवा. हा विषय मुलीला संघाच्या महिला व्यवस्थापकाशी मोकळेपणानं बोलता यायला हवा. बाहेरगावच्या स्पर्धेला महिला व्यवस्थापक सोबत नसेल तर मुलीला पाठवू नका, मग ती स्पर्धा कितीही मोठी असो.

पुढची वाट. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. शहरातल्या शाळा महापालिका स्तरावरून येतात. यातल्या राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर निवड समितीचे आणि क्रीडा प्रबोधिनीचे, म्हणजे राज्य सरकारच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्राचे, डोळे असतात. पुण्याच्या बालेवाडीला निवासी प्रशिक्षणाची संधी आली तर विचार जरूर करा, पण दहावीच्या वर्षात घाई नको. बारावीनंतर नाशिकची महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संघासाठी खेळतात. आंतरविद्यापीठ स्पर्धा हा महिला व्हॉलीबॉलमधला नोकरीकडे जाणारा मुख्य रस्ता आहे. कारण पुरुषांसाठी २०२२ पासून प्राइम व्हॉलीबॉल लीग आहे, महिलांसाठी तिच्या तोलाचं अजून काही उभं राहिलेलं नाही. देशातल्या बहुतेक चांगल्या महिला खेळाडू रेल्वेत किंवा पोलिसांत नोकरी करत खेळतात, आणि राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षं रेल्वे आणि केरळ यांचाच दबदबा राहिला आहे. खेळ संपल्यावर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका, बी.पी.एड. किंवा पंच परीक्षा हे मार्ग आहेत. चीनची लांग पिंग १९८४ मध्ये खेळाडू म्हणून आणि २०१६ मध्ये प्रशिक्षक म्हणून ऑलिंपिक सुवर्ण जिंकली. मधल्या काळात तिनं अमेरिकेच्या संघालाही २००८ चं रौप्य मिळवून दिलं.

महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. पण दोन्ही कागदांवर अडतं. नोकरीसाठी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडे होते. तिथे स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती का, संघ प्रत्यक्ष खेळला का, मुलीचं नाव प्रवेश यादीत होतं का हे तपासलं जातं. खासगी निमंत्रित स्पर्धांचे चषक तिथे चालत नाहीत. आजच तीन गोष्टी करा. जन्मदाखला, शाळेचं रजिस्टर आणि आधार यांवर नाव आणि जन्मतारीख अक्षरशः सारखी आहे का पाहा. फरक असेल तर आठवीतच दुरुस्त होतो, बारावीनंतर फेऱ्या मारून थकायला होतं. प्रत्येक स्पर्धेच्या प्रवेश यादीची शिक्क्यासह प्रत मागून घ्या. आणि वय कमी दाखवण्याचा सल्ला कोणी दिला तर तिथून उठून या. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडाचं वय काढतात, आणि एकदा बाद झालेली मुलगी त्या गटात परत येत नाही.

उद्याच्या सरावाला प्रशिक्षकांशी बोलताना तक्रारीच्या सुरात बोलू नका. एवढंच सांगा की सहा आठवडे मुलीला मागच्या रांगेत आणि सेटरच्या जागी खेळवा, उड्या २५ वर ठेवा, आणि वही मी लिहितो. सहा आठवड्यांनी गुडघा दाबून बघा, पासची सरासरी बघा, मग चार नंबरवर परत आणा.